सूर्य मावळल्यानंतरची वीज

२०२५ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने एक आकडा जाहीर केला आणि देशभर त्याचे स्वागत झाले. कोळसा, तेल आणि वायू यांच्यावाचून चालणारी वीजनिर्मितीची क्षमता भारताच्या एकूण क्षमतेच्या निम्मी झाली, असे तो आकडा सांगत होता. त्या वर्षीच्या जूनअखेर देशाची स्थापित क्षमता सुमारे ४ लाख ८५ हजार मेगावॉट होती. त्यांपैकी सुमारे २ लाख ४३ हजार मेगावॉट सूर्य, वारा, पाणी, जैवइंधने आणि अणुऊर्जा यांच्या वाट्याची होती. हा टप्पा २०३० पर्यंत गाठण्याचे वचन भारताने जगाला दिले होते. ते पाच वर्षे आधीच पूर्ण झाले. हवामानाच्या परिषदांतून मोठमोठी वचने देऊन पुढे ती विसरून जाणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांच्या मेळाव्यात ही गोष्ट अभिमानास्पद आहे, यात शंका नाही.

परंतु त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात आणखी एक विक्रम झाला होता, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशातील कोळशाच्या उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. हे दोन विक्रम एकाच वर्षाचे आणि एकाच देशाचे आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले, म्हणजे भारताच्या ऊर्जाप्रश्नाचे खरे स्वरूप डोळ्यांसमोर येते. क्षमता वेगळी आणि निर्मिती वेगळी. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाकाठी साधारण सतरा-अठरा लाख युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशावरचा संच नीट चालला तर साठ लाख युनिट देतो. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा मिळवूनही देशात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज आजही कोळशातून येते. त्यातही वीज म्हणजे संपूर्ण ऊर्जा नव्हे. ट्रकचे डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, पोलादाच्या भट्टीतला कोक आणि सिमेंटच्या भट्टीतला कोळसा यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०७० पर्यंत भारत निव्वळ शून्य उत्सर्जनाची अवस्था गाठेल, अशी घोषणा केली. जेवढा कर्बवायू हवेत सोडायचा तेवढा जंगलांनी अथवा अन्य मार्गांनी शोषून घ्यायचा, असा त्याचा अर्थ. अमेरिका आणि युरोप यांनी आपल्यासाठी २०५० हे वर्ष ठरवले, चीनने २०६०. भारताने वीस वर्षे अधिक मागितली म्हणून पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी नाके मुरडली. ही नाके मुरडणाऱ्यांनी आपापल्या घरचा हिशेब आधी पाहायला हवा होता. सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायूला कारणीभूत होतो. सरासरी अमेरिकन त्याच्या सहापटींहून अधिक. भारतात दरडोई विजेचा वापर वर्षाला जेमतेम १,४०० युनिट आहे आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. वाफेच्या यंत्रापासून आजवर जगाने जो धूर सोडला, त्यातला भारताचा वाटा लोकसंख्येच्या मानाने नगण्य आहे. २०२४ मध्ये बाकू येथे श्रीमंत राष्ट्रांनी सर्व विकसनशील देशांसाठी मिळून वर्षाला ३०० अब्ज डॉलर, तेही २०३५ पर्यंत, असे तुटपुंजे आश्वासन दिले. भारताने तेथल्या तेथे आक्षेप नोंदवला, ते योग्यच झाले. जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेने पॅरिस करारातून दुसऱ्यांदा अंग काढून घेतले.

हे सर्व खरे असले, तरी त्यावर संतुष्ट राहता येणार नाही. दुसऱ्यांचे पाप मोजल्याने आपले पुण्य वाढत नाही. २०७० हे वर्ष कोणा परदेशी दबावाखाली ठरवलेले नसून आपण स्वतः निवडलेले आहे. तेव्हा ते गाठण्याची वाटही आपणच आखली पाहिजे, आणि ती वाट ४५ वर्षांची आहे, असे समजून स्वस्थ बसणे ही सर्वांत मोठी फसगत ठरेल. कोळशावरचा संच एकदा उभा राहिला की पस्तीस-चाळीस वर्षे चालतो. त्याहून आधी बंद केला तर घातलेला पैसा बुडतो आणि कर्ज देणाऱ्या बँका अडचणीत येतात. याचा अर्थ, २०३० मध्ये सुरू होणारा संच २०७० च्या उंबरठ्यापर्यंत धूर सोडीत राहणार आहे. २०३१-३२ पर्यंत कोळशाची आणखी किमान ८० हजार मेगावॉट क्षमता उभारण्याचा सरकारचा मनोदय आहे. त्यामुळे २०७० चा निर्णय पुढल्या पिढीच्या हाती नाही. तो याच दशकातील निविदांमध्ये होत आहे.

अशा दीर्घ पल्ल्याच्या निर्णयांसाठी जगभर भविष्यचित्रे मांडली जातात. अमुक वेगाने विकास झाला, तमुक तंत्रज्ञान स्वस्त झाले, तर चाळीस वर्षांनी ऊर्जेचे चित्र कसे असेल, याचा हा गणिती अंदाज. ब्रिटनमध्ये डेव्हिड मॅके या केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञाने सरकारी सल्लागार असताना सामान्य नागरिकालाही हाताळता येईल असे गणकयंत्र तयार करवून घेतले होते. भारताच्या नियोजन आयोगाने त्याच धर्तीवर २०१४ मध्ये २०४७ पर्यंतची ऊर्जा-भविष्यचित्रे मांडली, आणि नीती आयोगाने पुढे त्यांत सुधारणा केल्या. त्यात प्रत्येक क्षेत्रासाठी किमान प्रयत्नापासून पराक्रमाच्या पराकाष्ठेपर्यंत चार पायऱ्या ठेवल्या आहेत. कोणती पायरी निवडायची हे ज्याने त्याने ठरवायचे; यंत्र फक्त परिणाम दाखवते. ही पद्धत प्रामाणिक आहे, कारण ती भविष्य सांगण्याचा आव आणत नाही.

भविष्य सांगू गेलेल्यांचे काय होते, याचा दाखला फार जुना नाही. डॉ. किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००६ मध्ये देशाचे एकात्मिक ऊर्जा धोरण सादर केले. अत्यंत अभ्यासपूर्ण असा तो दस्तऐवज होता. २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ८ लाख मेगावॉट क्षमता लागेल, असे त्यात म्हटले होते. आता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये काढलेला अंदाज पाहावा. २०२९-३० साठी तो ७ लाख ७७ हजार मेगावॉटचा आहे. बेरीज जवळजवळ तीच! मात्र बेरजेच्या पोटातले घटक पार उलटेपालटे झाले आहेत. पारीख समितीला त्या वर्षापर्यंत दरसाल २०० कोटी टनांहून अधिक कोळसा लागेल असे वाटले होते, आणि नवीकरणीय ऊर्जा वीसपट वाढली तरी एकूण ऊर्जेत तिचा वाटा पाच-सहा टक्क्यांपलीकडे जाणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. प्राधिकरणाच्या ताज्या अंदाजात एकट्या सौर ऊर्जेलाच २ लाख ९२ हजार मेगावॉट दिले आहेत आणि कोळशाला २ लाख ५२ हजार. समिती चुकली, कारण सूर्याची वीज एवढी स्वस्त होईल हे तेव्हा जगात कोणालाच दिसले नव्हते. २०१० च्या अखेरीस राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटमागे १० रुपये ९५ पैशांची होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत तर १ रुपया ९९ पैशांवर. दहा वर्षांत पाचपटींहून अधिक घसरण! जानेवारी २०२५ मध्ये देशातील सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

आणि अंदाज उलट्या बाजूने चुकला की काय होते, हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असणार? विजेची मागणी धो धो वाढणार या गृहीतकावर १९९० च्या दशकात दाभोळचा एन्रॉन प्रकल्प उभा राहिला. किंमत डॉलरशी बांधलेली, इंधन परदेशी, आणि वीज घेतली नाही तरी पैसे मोजण्याची अट. मे १९९९ मध्ये तो सुरू झाला आणि दोन वर्षांत ती वीज घेणे राज्याला परवडेनासे होऊन बंद पडला. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये या व्यवहाराचे यथास्थित वाभाडे काढले. त्या प्रकरणाचा धडा एवढाच होता की, मागणीचा अंदाज ज्याच्या फायद्याचा, त्यालाच तो करू देऊ नये.

तेव्हा आजच्या भविष्यचित्रांकडे पाहताना वीज किती लागेल यापेक्षा ती कोणत्या वेळी लागेल हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी २ लाख ५० हजार मेगावॉटवर पोहोचली. तो तोवरचा उच्चांक होता. कडक उन्हातली ही मागणी भागवायला सूर्य मोठा हातभार लावतो. अडचण सुरू होते ती सायंकाळी सहा-साडेसहानंतर. पंखे आणि वातानुकूलन यंत्रे चालूच असतात, घराघरांत दिवे लागतात, दूरचित्रवाणी संच सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी सौर वीज शून्यावर येते. त्या चार-पाच तासांचा सारा भार आज कोळसा आणि धरणे पेलतात. दुपारी वीज नको इतकी आणि सायंकाळी हवी तेवढी नाही, ही अवस्था येऊन ठेपली आहे. २०२५ मध्ये राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने तयार सौर वीज वापराविना सोडून द्यावी लागली, ही तर शुद्ध नासाडी.

या कोड्याचे एक उत्तर सह्याद्रीच्या कड्यांवर आहे. वरच्या आणि खालच्या अंगाला दोन तलाव बांधायचे. दुपारच्या स्वस्त विजेने खालचे पाणी वर चढवायचे आणि सायंकाळी तेच पाणी खाली सोडून वीज करायची. याला उदंचन जलविद्युत म्हणतात. पाणी चढवायला शंभर युनिट खर्चावे तेव्हा पंचाहत्तर ते ऐंशी युनिट परत मिळतात, म्हणजे घट आहे. परंतु दुपारी फुकट जाणाऱ्या विजेच्या मानाने ती सोसण्याजोगी आहे. महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा आणि भिऱ्याचा १५० मेगावॉटचा प्रकल्प याच पद्धतीने चालतात. त्याही आधी, १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीला घाटमाथ्याचे पाणी कोकणात उतरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली होती. एका अंगाला घाटमाथ्याचे पठार, दुसऱ्या अंगाला पाचशे-सहाशे मीटर खाली कोकण, ही निसर्गाची देणगी देशात थोड्याच राज्यांना लाभली आहे. राज्य सरकारने गेल्या काही वर्षांत अशा अनेक प्रकल्पांचे करार केले आहेत. करारांची संख्या मोठी असली, तरी त्यांपैकी किती पूर्णत्वास जातील, हा भाग निराळा. पश्चिम घाटाच्या जैवसंपदेविषयी माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये दिलेला इशारा बाजूला सारून हे प्रकल्प रेटले, तर ते न्यायालयांत अडकतील आणि दहा वर्षे वाया जातील. नदीच्या मुख्य प्रवाहाला हात न लावता, आधीच अस्तित्वात असलेल्या जलाशयांच्या आधाराने जेथे काम होऊ शकते, तेथूनच आरंभ करावा, हे शहाणपणाचे. बॅटऱ्यांचे दरही झपाट्याने उतरत आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांसोबत किमान दोन तासांची साठवण जोडण्याची सूचना केली आहे. सूचना पुरेशी नाही. ती अट व्हायला हवी.

दुसरे उत्तर शेताच्या बांधावर आहे आणि ते अधिक स्वस्त आहे. वर्षानुवर्षे महाराष्ट्रातील शेतकऱ्याने रात्री दोन वाजता हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाची आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याची भीती उरात बाळगून पिकाला पाणी दिले, कारण शेतीला वीज रात्रीच मिळत असे. ती कोळशाची वीज होती. रात्री शहरांची मागणी उतरली की शेतीकडे वळवायची. आता चक्र उलट फिरवता येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्रांच्या परिसरात १६ हजार मेगावॉटचे छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट आहे. मागणीच दिवसाकडे सरकवायची, म्हणजे साठवणुकीची गरज कमी होते आणि शेतकऱ्याची झोपही राखली जाते. ऊर्जासंक्रमणाचा लाभ प्रथम गरिबाला देणारे असे उदाहरण जगात फारसे सापडणार नाही. फक्त एक सावधगिरी हवी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्याने २०२४ पासून वीज मोफत केली आहे. दिवसा मिळणारी फुकट वीज आणि उसाची तहान यांची गाठ पडली, तर मराठवाड्यातील विहिरींचा तळ किती काळ ओला राहील, याचाही हिशेब त्याच भविष्यचित्रात मांडला पाहिजे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. त्या यशामागेही पाणी आहेच.

अणुऊर्जेच्या बाबतीत मात्र भारताने स्वतःचेच नुकसान करून घेतले. तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा आशियातील बहुतेक देश या क्षेत्रात भारताच्या मागे होते. डॉ. होमी भाभा यांनी देशातील थोरियमचे साठे डोळ्यांसमोर ठेवून तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला होता. आज साडेपाच दशकांनंतर देशाची अणुवीज क्षमता नऊ हजार मेगावॉटच्याही आतच आहे. १९७४ च्या आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर आलेले निर्बंध हे त्याचे एक कारण. पण सगळा दोष परकीयांच्या माथी मारता येणार नाही. ९,९०० मेगावॉटच्या जैतापूर प्रकल्पाचा फ्रान्सशी करार डिसेंबर २०१० मधला आहे. माडबनच्या सड्यावर अजूनही एकही अणुभट्टी उभी नाही. कोणी विस्थापनाची भीती घातली, कोणी फुकुशिमाचे चित्र दाखवले, कोणी निवडणुकीपुरता पाठिंबा आणि निवडणुकीपुरता विरोध केला, आणि विजेच्या दराविषयी दोन्ही देशांचे एकमत होईना. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉट अणुवीजेचे लक्ष्य जाहीर झाले आहे आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात संसदेने नवा कायदा करून खासगी क्षेत्राला दार उघडले आहे. २२ वर्षांत अकरापट वाढ! मॅकेच्या गणकयंत्रात ही चौथ्या, म्हणजे पराक्रमाच्या पायरीची निवड झाली. ती अशक्य नाही, मात्र दर पाच वर्षांनी किती भट्ट्या प्रत्यक्ष सुरू झाल्या हे जाहीरपणे सांगण्याची शिस्त सोबत नसेल, तर २०४७ साली नवी पिढी आजच्या भाषणांचे उतारे काढून हसेल.

याहूनही गंभीर प्रश्न परावलंबनाचा आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. १९७३ च्या तेलसंकटापासून आखातातील प्रत्येक गोळीचा आवाज भारताच्या अर्थसंकल्पात ऐकू येतो. सूर्य आणि वारा हे स्वदेशी, म्हणून त्यांच्याकडे वळणे हा स्वावलंबनाचा मार्ग, असे मानले जाते. ऊन स्वदेशी आहे, हे खरे. ते पकडणारी तबकडी कोणाची? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सौर पॅनेलच्या निर्मितीतील प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. भारताने आयातकर आणि मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी यांच्या आधारे कंबर कसली. ऑगस्ट २०२५ मध्ये देशातील पॅनेल जोडणीची क्षमता वर्षाला १ लाख मेगावॉटवर गेली, ही मोठीच कामगिरी. तथापि पॅनेलमधील सेल, त्याआधीची वेफर आणि त्याहीआधीचे पॉलिसिलिकॉन या साखळीच्या मुळाशी अजून चीनच बसला आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृद्धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. विद्युत वाहनांच्या मोटारीतले चुंबक मिळेनासे झाले आणि पुण्याच्या परिसरातील दुचाकी उद्योगालाही त्याची झळ लागली. गलवान खोऱ्यात ज्याने जवानांवर हल्ला केला, त्याच्या मर्जीवर भारतातील दिवे लागावेत, अशी अवस्था २०७० मध्ये ओढवली, तर शून्य उत्सर्जनाचे ते यश कडू असेल. तेल निदान दररोज जळते आणि दररोज विकत घ्यावे लागते. पॅनेल एकदा घेतले की पंचवीस वर्षे चालते. हा फरक आपल्या बाजूचा आहे. तो लक्षात घेऊन जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाचे १६,३०० कोटी रुपये खनिज शोधण्याइतकेच ते शुद्ध करण्याच्या तंत्रावर खर्च व्हायला हवेत. चीनची खरी मक्तेदारी खाणींहून अधिक शुद्धीकरणाच्या कारखान्यांत आहे.

या सगळ्या गणितांत एक रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो माणसांचा. एकट्या कोल इंडियाच्या सेवेत दोन लाखांहून अधिक कर्मचारी आहेत. कंत्राटी मजूर, ट्रकचालक, खाणीच्या नाक्यावरचे चहावाले, गॅरेजवाले यांची मोजदाद कोणाकडेच नाही. रेल्वेच्या मालवाहतुकीत निम्म्याच्या आसपास वाटा कोळशाचा आहे आणि त्या भाड्यातूनच प्रवासी तिकीट स्वस्त राहते. म्हणजे कोळसा उद्या थांबला, तर त्याचा भार पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्याच्या तिकिटावरही पडेल.

एखादा उद्योग पूर्वतयारीविना संपला की काय घडते, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या आधीपासूनच खिळखिळ्या होत होत्या. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, मालकांची जमिनीवरची नजर हे सर्वांना दिसत होते. तरीही या माणसांनी पुढे काय करायचे, याचा आराखडा सरकार, मालक वा संघटना यांपैकी कोणाकडेही नव्हता. लालबाग-परळच्या चाळींतील एक पिढी उद्ध्वस्त झाली. काही गावाकडे परतले, काहींची मुले नको त्या टोळ्यांच्या हाती लागली, आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात तेच घडू द्यायचे का? तिथल्या माणसाने पन्नास वर्षे धूर खाल्ला, उन्हाळ्यात होरपळला आणि वीज मुंबई-पुण्याकडे पाठवली. कर्बमुक्त भारताच्या वाटेवर सर्वप्रथम रोजगार त्याचाच जाणार आहे.

त्याच्यासाठी पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. पैसा होता. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवण्यात आला आणि २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो राज्यांच्या नुकसानभरपाईच्या खात्यात वळवला गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. नावापुरते स्वच्छ ऊर्जेसाठी जमा झालेले पैसे इतरत्र गेले. जर्मनीने २०२० मध्ये कोळसा बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा खाणपट्ट्यांच्या पुनर्रचनेसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद सोबतच केली. त्याच जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये चालत्या अणुभट्ट्या बंद केल्या आणि कोळसा मात्र चालू ठेवला, हा अविचार अनुकरणीय नाही. परंतु खाणकामगाराचा विचार आधी करण्याचा क्रम अनुकरणीय आहे. भारतात २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा कायदा आहे. खाणींच्या जिल्ह्यांतच राहणारा हा निधी सभामंडप आणि कमानी यांवर खर्च न होता नव्या कौशल्यांवर आणि नव्या उद्योगांवर खर्च होतो की नाही, हे पाहणे लोकप्रतिनिधींच्या आणि कार्यकर्त्यांच्या हातात आहे.

चंद्रपूरचेच उदाहरण पुढे नेता येईल. २,९२० मेगावॉटच्या तेथील महाऔष्णिक केंद्राचे १९८०च्या दशकातील पहिले दोन संच निवृत्त झाले आहेत आणि २०१६ मध्ये सुरू झालेले शेवटचे दोन संच २०५५ च्या पुढे चालवायचे ठरवले तर चालू शकतील. प्रत्येक संचाच्या निवृत्तीचे वर्ष आजच जाहीर व्हावे. नव्या ८० हजार मेगावॉटपैकी ज्या संचांना मान्यता मिळेल, त्यांनाही सायंकाळचा भार पेलण्यासाठी भट्टी चटकन कमी-अधिक करता येण्याची अट आणि निवृत्तीची तारीख मान्यतापत्रातच घालावी. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब एकदिश वीजवाहिनी १९९९ पासून चालू आहे. १,५०० मेगावॉट वीज ती मुंबईच्या दारापर्यंत आणते. कोळसा संपला तरी ती वाहिनी, ती उपकेंद्रे, ती रेल्वेमार्गांची जाळी आणि ती कुशल माणसे तेथेच राहणार आहेत. कोळसा काढून झालेल्या खाणींच्या मोकळ्या जमिनीवर सौर पॅनेल, जुन्या संचांच्या जागी बॅटऱ्यांची साठवण आणि पॅनेल-बॅटऱ्यांच्या सुट्या भागांचे कारखाने, यांसाठी जागा, वाहिनी व हात तिन्ही उपलब्ध आहेत. महानिर्मिती आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स यांनी संयुक्तपणे असा आराखडा करून तो पुढचा संच निवृत्त होण्याआधी नव्हे, तर येत्या दोन-तीन वर्षांतच विधिमंडळापुढे ठेवावा. चंद्रपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या वर्षी दाखल होणारा सोळा वर्षांचा मुलगा २०७० मध्ये साठी ओलांडलेला असेल. त्याला आज कोणता अभ्यासक्रम शिकवायचा, हे त्या आराखड्यावाचून ठरणार नाही.